गाडी मागून आदळते, तेव्हा आधी काय पाहावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत खड्ड्यांचे फोटो आणि वाचकांच्या तक्रारी येऊ लागतात. त्या रास्तच असतात. पण त्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या मोटारसायकलच्या मागच्या भागात काय बिघडते आणि गॅरेजमध्ये त्यावर काय उपाय केला जातो, याबद्दल फारसे कुठे छापून येत नाही. दुचाकी दुरुस्तीत एक रीत अगदी पक्की बसली आहे. गाडी मागून आदळते, म्हणजे खड्ड्यात मागचा भाग दणके देतो, अशी तक्रार आली की गाडी 'कडक' करून द्यायची. शॉकअपची (मागच्या चाकाचे धक्के सोसणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरची) स्प्रिंग आवळणारी रिंग शेवटच्या खाचेवर न्यायची, टायरात हवा चार-पाच पीएसआय जास्त भरायची, वर स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे तुकडे अडकवायचे. गिऱ्हाईक दोन दिवस खूश असते आणि महिन्याभरात पाठ धरून परत येते. कारण बहुतेक वेळा दोष स्प्रिंगमध्ये नसतोच.

मागच्या शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे एकाच नळकांड्यात होतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. आतले तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरते. स्प्रिंग दबली की तिच्यात साठलेली शक्ती कुठेतरी जायला हवी. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाताना ती उष्णतेत जाते, म्हणूनच खराब रस्त्यावर बराच वेळ चाललेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. शॉकअप दबताना तेलाचा विरोध कमी आणि परत उघडताना बराच जास्त ठेवलेला असतो. हे तेल सीलमधून गळून गेले, किंवा त्यात हवा मिसळून फेस झाला, की उरते नुसती स्प्रिंग. मग गाडी एका खड्ड्यात दोन-तीनदा उसळते, बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीवर टिकत नाही आणि मागचा ब्रेक दाबला की टायर फरफटतो. अशा गाडीची स्प्रिंग आणखी आवळली तर उसळी वाढते, कमी होत नाही.

उलट स्प्रिंग बसली असेल तर लक्षणे निराळी. गाडी उभी असतानाच मागून खाली गेलेली दिसते, मागे माणूस बसला की मोठ्या गचक्याला 'धप्' असा बोथट आवाज येतो, रात्री समोरचे लोक अप्पर-डिपर देऊ लागतात, कारण मागचा भाग बसल्याने हेडलाइटचा झोत वर गेलेला असतो. हे दोन आजार वेगळे ओळखले तर निम्मा खर्च वाचतो.

तपासणीला सुरुवात टायरच्या हवेपासून करावी. हे सांगायला नको असे वाटेल, पण सांगावे लागते. चिमट्यावर (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर) किंवा चेनकव्हरवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना असे दोन आकडे दिलेले असतात. रोजच्या वापराच्या गाड्यांत एकट्यासाठी मागचा आकडा सहसा २८ पीएसआयच्या आसपास असतो. पंक्चरवाल्याकडे अंदाजाने ४० भरून घेतलेल्या गाडीचा शॉकअप तपासण्यात अर्थ नाही, कारण लहान खड्ड्यांचा पहिला धक्का टायरने सोसायचा असतो. हवा टायर थंड असताना मोजावी.

मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ धरून सीटचा मागचा भाग अंगाचे वजन टाकून खाली दाबावा आणि एकदम सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर तेल काम करते आहे. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर अशी हलत राहिली तर डँपिंग, म्हणजे उसळी आवरण्याची तेलाची ताकद, गेले. या चाचणीत एक अडचण आहे. दोन शॉकअपच्या गाडीत एक मेलेला आणि एक चांगला असेल तर चांगला दुसऱ्याचे झाकून नेतो. शंका असेल तर दोन्ही काढून, उभे धरून, एकेक जमिनीवर रेटून दाबावा आणि परत येण्याचा वेग पाहावा. चांगला शॉकअप रेंगाळत वर येतो. गेलेला फट्‌कन उघडतो, आणि आत तेल कमी असेल तर गुळगुळ आवाजही येतो.

आता खाचांविषयी. स्प्रिंग आधीच कमी-जास्त दाबून ठेवणाऱ्या रिंगच्या या खाचांनाच पायऱ्या म्हणतात. स्प्लेंडरसारख्या गाडीला मागे ५ पायऱ्या असतात, रॉयल एन्फिल्डच्या नव्या ३५० सीसी गाड्यांना ६. पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते, हा समज गाडीवाल्यांचाच नव्हे, कित्येक मेकॅनिकांचाही आहे. समजा, एका बाजूची स्प्रिंग १ मिमी दाबायला २ किलो वजन लागते. पायरी वाढवून ती आधीच १० मिमी दाबून ठेवली, तर पहिले २० किलो येईपर्यंत ती हलणार नाही. त्यानंतर मात्र पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेच २ किलो लागतील. म्हणजे पायरीने फक्त गाडी कुठे बसते ते बदलते. एकट्याने चालवणाऱ्याने शेवटची पायरी लावली तर गाडी पूर्ण उंचावर उभी राहते आणि चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही. चाक खाली जाण्याऐवजी आख्खी गाडी खाली पडते, आणि तो दणका सरळ कमरेत बसतो.

योग्य पायरी अंगठ्याने दाबून कळत नाही. ती टेपने मोजावी लागते. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचे चाक अधांतरी आहे ना ते पाहा. एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर लिहून घ्या. मग गाडी स्टँडवरून काढा, नेहमी चालवणाऱ्याने नेहमीच्या बॅगेसह बसावे, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवावेत, एकाने पुढून गाडी धरावी आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. रोजच्या वापराच्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल साधारण १०० मिमी धरली तर फरक २५ ते ३५ मिमी यायला हवा. २० पेक्षा कमी आला तर एक पायरी खाली, ४० च्या पुढे गेला तर एक पायरी वर. कोणी न बसता, गाडीच्या स्वतःच्या वजनानेही मागचा भाग ५ ते १५ मिमी बसला पाहिजे. अजिबात बसत नसेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळलेली आहे. शेवटच्या पायरीवरही एकट्या माणसाने गाडी ४५ मिमी बसत असेल तर स्प्रिंग थकली आहे. तिथे खाचांशी खेळून उपयोग नाही.

ज्या गाड्यांना डबल स्टँड नाही त्यांच्यासाठी लोक पॅडॉक स्टँड वापरतात. तो चिमट्यालाच खालून उचलतो, त्यामुळे चाक वर आले तरी शॉकअप दबलेलाच राहतो आणि माप चुकते. अशा गाडीत दोघांनी मागची पकडदांडी वर ओढून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत धरावे आणि तिसऱ्याने मोजावे.

पायरी बदलताना गाडीच्या टूलकिटमधला हूक पाना वापरावा. आधी खाचेतला चिखल ब्रशने आणि पाण्याने काढावा, गंज असेल तर थोडे गंजरोधक तेल मारून दहा मिनिटे थांबावे. छन्नी-हातोड्याने ठोकून फिरवलेली रिंग पुढच्या वेळी फिरत नाही. १ वरून ५ वर थेट उडी घेऊ नये, २-३-४ असे क्रमाने जावे, नाहीतर रिंगची खाच तुटते. दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात. मागे साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसते म्हणून डावी बाजू एक पायरी वर ठेवून देणारे काही जण आहेत. त्याने तोल सावरला जात नाही, चिमट्याला पीळ मात्र बसतो.

आवाजांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बारीक खड्ड्यालाही येणारा कोरडा 'टक्' बहुधा शॉकअपच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल भोकातल्या) रबरी बुशचा, म्हणजे नळीसारख्या तुकड्याचा असतो. बुश झिजून अंडाकृती झाला की शॉकअप स्टडवर, म्हणजे तो ज्या खुंटीवर अडकवलेला असतो तिच्यावर, हलतो. बुशची किंमत शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ आहे, पण गिऱ्हाइकाला जोडी विकली जाते. ओळखायची रीत सोपी. गाडी डबल स्टँडवर घेऊन एका हाताने शॉकअपचा खालचा डोळा आणि स्टड यांच्या सांध्यावर बोट ठेवावे आणि दुसऱ्या हाताने चाक वर-खाली उचलावे. सांध्यात हालचाल बोटाला लागते. हेच वरच्या सांध्याला करावे. नट सैल असेल तरी हाच आवाज येतो, म्हणून आधी नट पाहावा. तो बहुधा १४ किंवा १७ नंबरचा असतो.

मोठ्या दणक्याला येणारा धातूचा आवाज वेगळा. शॉकअपमध्ये आत-बाहेर होणाऱ्या रॉडवर एक बंप रबर असते. शॉकअप शेवटपर्यंत दबला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ते असते. जुन्या गाडीत त्याचा भुगा झालेला सापडतो. गॅस देताना आणि सोडताना येणारी 'खट्' ही शॉकअपची नसून मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) रबरांची असते. चाक धरून चेनच्या दिशेने पुढे-मागे हलवले की स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) आणि चाक यांच्यातली ढिलाई दिसते. खड्ड्यात नुसती खडखड असेल तर चेनकव्हर, साडीगार्ड, नंबर प्लेट, मडगार्डचा खालचा तुकडा आणि सायलेन्सरचा मागचा बोल्ट एकेक करून हाताने धरून पाहावेत. हे सगळे झाल्याशिवाय शॉकअपला हात लावू नये.

वळणावर गाडी मागून 'पोहते' अशी तक्रार असेल तर चिमट्याच्या बुशकडे पाहावे. मेकॅनिक लोक स्विंग आर्मला चिमटा म्हणतात, आणि दुकानात 'चिमटा बुश' मागितले की मिळते. चाक अधांतरी ठेवून चिमट्याची दोन्ही टोके एक्सलजवळ धरावीत आणि डावीकडे-उजवीकडे जोराने हलवावे. चिमटाच फ्रेमपाशी हलत असेल तर बुश गेला. चिमटा स्थिर आणि चाकच वर-खाली डुगडुगत असेल तर चाकाचे बेअरिंग गेले. हे दोन्ही एकमेकांच्या नावावर बदलले जातात.

चिमट्याचे बुश दोन प्रकारचे येतात. धातूच्या किंवा नायलॉनच्या बुशमध्ये आतली नळी फिरते, त्याला ग्रीस लागते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, चिमटा उतरवून जुने ग्रीस पुसून नवे भरावे. सायलेंट ब्लॉक प्रकारात रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेले असते. तिथे काही फिरत नाही, रबरच पिळले जाते. त्याला ग्रीस लावू नये. आणि हा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर, शक्यतो सीटवर माणूस बसवून असावी. डबल स्टँडवर चाक लोंबत असताना आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते. पुष्कळ ठिकाणी नेमके असेच होते, आणि मग 'बुश ओरिजिनल नव्हता' म्हणून कंपनीला बोल लागतो.

तेलगळती पाहताना थोडा विवेक ठेवावा. रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर असणे स्वाभाविक आहे, त्यानेच सील ओले राहते. पण शॉकअपच्या खालच्या नळकांड्यावर तेलात कालवलेली धूळ जाड साचली असेल, बोटाला ओले लागत असेल किंवा थेंब पडत असेल, तर सील गेले आहे. सील का जाते हे रॉडवर लिहिलेले असते. रॉडचा चकचकीत मुलामा निघून गंजाचे ठिपके आले असतील तर ते ठिपके कानशीसारखे सीलची कड कापतात. कोकणपट्टी आणि गोव्यात खाऱ्या हवेने हे लवकर होते, देशावर चिखल वाळून बसल्याने होते. अशा रॉडवर नवे सील फार टिकत नाही.

म्हणूनच साध्या गाडीचा बंद शॉकअप कापून, सील बदलून, पुन्हा वेल्डिंग करून देणाऱ्या दुरुस्तीवर आमचा विश्वास नाही. तिथे रॉड तोच राहतो. तेल कोणते भरले ते कळत नाही, बऱ्याचदा इंजिन ऑइल असते. ते दाट असल्याने शॉकअप थंडीत लाकडासारखा होतो. तेल काठोकाठ भरले तर रॉड आत शिरताना त्याच्यासाठी जागा उरत नाही आणि पहिल्याच मोठ्या दणक्यात सील बाहेर येते. दोन्ही बाजूंना सारखे माप पडेल याचीही खात्री नसते. पुढच्या फोर्कचे तेल बदलता येते, बदलायलाही हवे. मागचा साधा शॉकअप मात्र बदलायचा भाग आहे, उघडायचा नाही. सुटे भाग मिळणारे, उघडण्यासाठीच बनवलेले महाग शॉकअप हा वेगळा विषय.

शेजारी डबी असलेले गॅसचे शॉकअप, जसे पल्सरवर 'नायट्रॉक्स' नावाने आले, त्यांत तेलावर नायट्रोजनचा दाब असतो. त्या दाबामुळे तेलात फेस होत नाही आणि लांबच्या खराब रस्त्यावर डँपिंग टिकते. ही डबी उघडू नये, तिला ड्रिल लावू नये, तापवू तर मुळीच नये. भंगारात टाकतानाही त्यावर 'गॅस भरलेला' असे रंगाने लिहून द्यावे. भंगारवाला तो गॅस कटरने कापायला घेतो, याचा विचार कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट, जी थांबवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेल फवारतात. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. शॉकअपचे बुश, चिमट्याचे सायलेंट ब्लॉक, हबची रबरे या सगळ्यांवर ते बसते आणि त्यावर धूळ चिकटून कानसपेस्ट तयार होते. गाडी साध्या पाण्याने आणि शॅम्पूने धुवायला सांगावे. प्रेशरचा फवारा रॉडच्या सीलवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि चिमट्याच्या बोल्टवर जवळून मारू देऊ नये. मातीच्या रस्त्यावरून आल्यावर रॉडचा दिसणारा भाग ओल्या फडक्याने पुसणे, एवढे केले तरी सीलचे आयुष्य बरेच वाढते.

वजनाचा हिशेबही सांगायला हवा. १०० सीसी गाड्यांची भारक्षमता साधारण १३० किलोच्या आसपास असते, आणि त्यात चालवणाराही आला. दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन लावले की नुसते दूधच ८२ किलो होते, रिकाम्या कॅनचे वजन धरून नव्वदीच्या पुढे. चालवणारा ६५ किलोचा धरला तर बेरीज १५५ वर जाते, आणि त्यातले कॅनचे जवळपास सगळे वजन मागच्या चाकावर. दूधवाल्यांना गाडी बदला म्हणून सांगण्यात अर्थ नाही, धंदा त्यावर चालतो. पण काही गोष्टी करता येतात. कॅनची चौकट शक्य तितकी पुढे, एक्सलच्या पुढच्या बाजूला वजन येईल अशी बसवावी. एक्सलच्या मागे लटकलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि हँडल थरथरते. टायरची हवा स्टिकरवरच्या जास्तीच्या आकड्यावर ठेवावी. पायरी चौथी-पाचवी असू द्यावी, कारण परतीचा रिकामा प्रवास त्रासाचा झाला तरी भरलेल्या गाडीने आपटणे अधिक महागात पडते. आणि शॉकअपचे वरचे स्टड ज्या फ्रेमला जोडलेले असतात तिथली वेल्डिंग महिन्यातून एकदा फडक्याने पुसून तडा आहे का पाहावे. शॉकअप तुटला तर गाडी थांबते, तिथली वेल्डिंग सुटली तर माणूस पडतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायची रबरे दुकानात सर्रास मिळतात. त्यांनी दोन-तीन वेढे निकामी होतात, उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, आणि रबराच्या कडेपाशी, रंग खरवडला जाऊन गंज चढतो तिथेच, स्प्रिंग तुटते. मागची उंची वाढवायला लावतात ते 'जंपर' त्याहून वाईट. मागून गाडी इंचभर वर गेली की पुढचा फोर्क अधिक उभा होतो, हँडल चपळ पण अस्थिर होते. साइड स्टँड लहान पडून गाडी स्टँडच्या बाजूला जास्त कलते, जास्तीच्या लांबीचा सगळा भार एका बोल्टवर येतो. कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, हेही दुकानदार सांगत नाही.

चेनचा संबंध इथे येतो तो असा. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते, आणि ही स्थिती गाडीवर वजन पडल्यावर येते. रिकाम्या गाडीत चेन ताठ ठेवली तर मागे माणूस बसल्यावर ती चिमट्याला वर जाऊच देत नाही. 'शॉकअप कडक झाला' ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत चेनच ताठ निघाली, असे अनेकदा होते. छोट्या गाड्यांना चेनचा झोल साधारण २० ते ३० मिमी सांगितलेला असतो. चेनच्या सर्वांत ताठ जागी मोजावा आणि पायरी किंवा शॉकअप बदलल्यावर पुन्हा मोजावा. ड्रम ब्रेकच्या गाडीत मागच्या ब्रेक पेडलचा मोकळा खेळही त्याच वेळी तपासावा, मागची उंची बदलली की तो बदलू शकतो.

शॉकअप बदलायचे ठरले तर जोडीच बदलावी. एका बाजूला जुने सैल डँपिंग आणि दुसरीकडे नवे असेल तर चिमटा प्रत्येक खड्ड्यात पिळतो. अपवाद एकच, गाडी नवीन आहे आणि एक बाजू वॉरंटीत बदलून मिळते आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू काढावी, म्हणजे चिमटा खाली पडत नाही आणि भोके जुळवायला झटावे लागत नाही. काढण्याआधी वॉशरचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवावा. आतला आणि बाहेरचा वॉशर वेगळ्या आकाराचे असतात, उलटे बसले तर बुश घासतो. स्टड तारेच्या ब्रशने साफ करावेत. नवा शॉकअप गोदामात आडवा पडलेला असतो, म्हणून बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा दाबावा, आत अडकलेली हवा जागेवर जाते. नट हाताने पूर्ण फिरतो ना ते पाहूनच पाना लावावा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. पाइप घालून अंगाच्या जोराने आवळलेला नट स्टडचे आटे नेतो. शंभर किलोमीटर झाल्यावर तो एकदा पुन्हा तपासावा. स्प्रिंग नळीवरून उतरवायची असेल तर ती दाबून धरणाऱ्या स्प्रिंग कंप्रेसरशिवाय हात घालू नये, सुटलेल्या स्प्रिंगने बोटे गेलेली आहेत.

एका शॉकअपच्या, म्हणजे मोनोशॉक गाड्यांत खाचेपर्यंत पाना पोहोचवणे हीच मोठी अडचण असते, बाकी तपासणी हीच. रॉयल एन्फिल्ड हिमालयनसारख्या ज्या गाड्यांत शॉकअप आणि चिमटा यांच्यामध्ये लिंक (जोडणारी दांडी) असते तिथे मात्र लिंकमधल्या नीडल बेअरिंगांकडे (बारीक सुयांसारख्या रोलरच्या बेअरिंगांकडे) लक्ष हवे. ती चाकाच्या थेट पुढे, चिखलाच्या मार्गात असतात. नव्या गाडीतही ग्रीस बेताचेच असते. पावसाळ्याआधी एकदा उघडून पाणी न धरणारे ग्रीस भरले तर ती टिकतात. गंजली तर बेअरिंग, नळ्या आणि कधी लिंकही बदलावी लागते.

रस्त्याबद्दल एकच मुद्दा. गतिरोधक कसा असावा हे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे. १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ३.७ मीटर रुंदी, मध्यभागी १० सेंटिमीटर उंची, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. आपल्या गल्ल्यांत असतो तो फूटभर रुंदीचा डांबराचा उभा कठडा. त्यावर कोणताही शॉकअप शेवटपर्यंत दबणारच. तो कठडा बदलला जाईपर्यंत चालवणाऱ्याने ब्रेक बंपच्या आधीच मारून बंपवर सोडावा आणि मागे बसलेल्याला आधी सांगावे.

वाळूजला एन्ड्युरन्स आणि चाकण-नाशिकला गॅब्रिएल, देशातल्या गाड्यांचे कितीतरी शॉकअप याच राज्यात बनतात. तरी बसवण्याचा टॉर्क किती, बुश कोणत्या प्रकारचा, स्प्रिंगची मोकळी लांबी किती, ही माहिती डब्यावर मराठीत मिळत नाही. एका छापील चिठ्ठीचा प्रश्न आहे. कंपन्यांनी ती घालावी. तोवर वाचकांनी गॅरेजच्या बिलावर 'शॉकअप काम' असे दोन शब्द चालवून घेऊ नयेत. कोणता भाग बदलला, कोणत्या बाजूचा, पायरी किती ठेवली आणि माणूस बसल्यावर गाडी किती मिमी बसली, हे लिहून मागावे आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा.

आपले,
दुचाकी दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक
सातारा